मल्हारीची पँट कुणी धुतली

दिवाळी अंकासाठी लिहा असं सांगायला आलेले गृहस्थ माझं जुनं गिऱ्हाईक. म्हणाले, "मास्तर, मजेशीर लिहा. नळाला आठ-आठ दिवस पाणी न येणाऱ्या शहरात तुम्ही बर्फावरच्या पँटा दुरुस्त करत बसला होतात. लोक हसतील." लोक हसतील असं माझ्याकडं थोडंफार आहे, ते आधी देतो. बाकीचं सांगायला मी बरीच वर्षं जागा शोधत होतो. तेही इथंच सांगतो. छापायचं की नाही ते त्यांनी ठरवावं.

आमच्या घरात शिवणकाम कुणी केलेलं नव्हतं. शेतात भागेना म्हणून मी चिकलठाण्याच्या एका कारखान्यात लागलो. तिथं परदेशात जाणारे थंडीचे कपडे शिवत. कारखाना बंद पडला तेव्हा पुंडलिकनगरात घराच्या पुढच्या खोलीत दुकान टाकलं. पहिलं वर्ष साड्यांना फॉल लावण्यात आणि शाळेच्या चड्ड्या सैल करण्यात गेलं. मग रशीदभाई आले.

रशीदभाईंचा धंदा जुन्या कपड्यांच्या गठ्ठ्यांचा. बाहेरदेशात वापरून टाकलेले कपडे दाबून बांधलेल्या गठ्ठ्यांतून येतात. त्यातले स्वेटर आणि कोट हातोहात खपत. काही जाड, फुगीर पँटा मात्र कुणी घेईना. दहा-बारा पँटा माझ्या टेबलावर टाकून रशीदभाई म्हणाले, "मास्तर, इसमें तो दो-दो आदमी आते. कुछ तो करो इनका."

मी एक उलटी करून पाहिली आणि ओळखली. असला माल मी कारखान्यात शिवला होता. ही स्नोबोर्डची पँट. बर्फाच्या उतारावर एकाच रुंद फळीला दोन्ही पाय बांधून घसरायचं, असा तो खेळ. मी स्वतः कधी बर्फ पाहिलेला नाही. कारखान्याच्या भिंतीवर एक फोटो होता, त्यात घसरणारा एक आणि बुडावर बसलेले चार होते. म्हणून ह्या पँटच्या बुडाला आणि गुडघ्याला दुहेरी कापड असतं. सारखं पडणाऱ्या माणसासाठी केलेला कपडा आहे तो. मला त्याचं कौतुक वाटायचं. आपल्याकडं पडणाऱ्याचा विचार करून कुणी काही शिवत नाही.

गठ्ठ्यातून पँट निवडायची रीत सांगतो. आधी बूड उजेडासमोर धरायचं. विरलं असेल तर चाळणीसारखं दिसतं. मग कापड तोंडाला लावून फुंकायचं. हवा आरपार गेली तर बाजूला टाकायची. मग उलटी करून शिवणी बघायच्या. सुईनं कापडाला भोकं पडतात आणि भोकांतून पाणी येतं, म्हणून प्रत्येक शिवणीवर आतून एक पट्टी गरम करून चिकटवलेली असते. ती नखानं उचलून पाहायची. सगळीकडून सुटत असेल तर त्या पँटच्या नादी लागू नये. पायाच्या तळाशी आतून रबराचा दुसरा घेर असतो, तो बुटावर घट्ट बसतो. तो फाटलेला चालतो, चेन मोडलेली चालते, रंग तर कसाही चालतो. गिऱ्हाईक मात्र आधी रंग बघतं.

दुरुस्तीचंही तसंच. ठिगळाचे कोपरे गोल कापायचे, चौकोनी ठिगळ कोपऱ्यातून सुटतं. शिवून झालं की आतून पट्टी. मग पाय उलटा करायचा, खालचं तोंड दोरीनं आवळायचं, आत बादलीभर पाणी भरायचं आणि तासभर टांगून ठेवायचं. बाहेर एक थेंब जरी दिसला तरी पुन्हा पट्टी.

ह्या सगळ्याच्या आधी येतं धुणं. नीट वाचा, कारण पुढचं सगळं ह्याच्यावर आहे. ह्या कापडावर पाणी अळूच्या पानावरच्यासारखं गोळा होऊन घरंगळतं. गठ्ठ्यातल्या मालाला वास असतो, तेलकट डाग असतात, ते साबणाशिवाय निघत नाहीत. पण साबणाचा अंश कापडात राहिला तर तेच कापड पाणी प्यायला लागतं, आणि त्यावर लावलेली पट्टीही धरत नाही. म्हणून साबण एकदा लावला तर पाच-सहा पाण्यांतून काढायची, शेवटच्या पाण्यात हात फिरवून फेस येत नाही ना हे बघायचं. रशीदभाईंच्या घरी पूर्वी धुलाईचं काम होतं. ते दर खेपेला सांगायचे, "साबून रह गया तो कपड़ा पानी पीता, मास्तर. जल्दी नक्को करो."

गिऱ्हाइकं मजेशीर यायची. मनालीला निघालेलं एक नवं जोडपं आलं. नवरदेवाला पँट मांडीला घट्ट हवी होती, फोटोत जाड दिसू नये म्हणून. मी सांगितलं, आतली हवा ऊब धरते, घट्ट केली तर गारठाल. नवरी म्हणाली, "करा हो घट्ट. गारठले की कळेल ह्यांना." एक बोअरवेलच्या गाडीवर काम करणारा यायचा. त्याला चिखलासाठी वॉटरप्रूफ पँट लागायची. दुष्काळाच्या पहिल्या वर्षी तो पँट परत घेऊन आला. धुळीनं पांढरी झाली होती. म्हणाला, "मास्तर, बदलून धुळीची द्या. सातशे फूट गेलो, नुसता फुफाटा निघतोय."

मजेचं एवढंच.

त्या दुष्काळाच्या दुसऱ्या वर्षी धरणात तळाचं पाणी उरलं होतं. शहर मात्र वाढतच होतं. शेंद्र्यापर्यंत क्रेन उभ्या होत्या, पडेगावच्या माळावर प्लॉट पडत होते. जनावरं विकून आलेली माणसं त्याच इमारतींवर विटा वाहत होती. मीही त्या वाढीतच होतो. दुकानावर एक मजला चढवत होतो. उन्हाळ्यात स्लॅब पडला. स्लॅबला पंधरा-वीस दिवस पाणी मारावं लागतं, नाहीतर तडे जातात. मी वाळूची आळी करून स्लॅबवर पाणी साठवून ठेवलं होतं. दर दोन दिवसांनी अर्धा टँकर त्यात जायचा.

त्याच आठवड्यात चिकलठाण्याच्या एका शीतगृहाचा मजूर पुरवणारा ठेकेदार आला. तिथं वाटाणा, मका, आइस्क्रीम असला माल उणे वीसवर ठेवत. त्याला बारा माणसांसाठी पँटा हव्या होत्या. म्हणाला, "मास्तर, आठ दिवसांत पायजेत. मस्त काम केलं तर दरसाल तुमच्याकडंच." मी हो म्हटलं. गठ्ठ्यातल्या पँटा बघून मला वाटलं, ह्या कामाला ह्याच पाहिजेत. शीतगृहातला माणूसही सारखा गुडघ्यावर असतो, खोक्यांवर बसतो.

माप द्यायला बाराही जण आले. त्यातला एक मल्हारी. चाळिशीचा, उंच, डोक्याला फेटा. वैजापूरकडं त्याची साठ मेंढरं होती. चारा संपला, पाणी संपलं, तेव्हा त्यानं ती विकली आणि बायको यमुना आणि दोन मुलींना घेऊन शहराच्या कडेला पत्र्याच्या खोलीत आला. पँट चढवून तो दुकानात दोन पावलं चालला आणि म्हणाला, "मास्तर, ही वल्ली झाली तर?"

"होत नाही."

"आन झालीच तर? घोंगडं कसं, वल्लं झालं तरी ऊब देतंय. म्या रातरात पावसात काढल्यात मेंढरांमागं." त्यानं पिशवीतून जुन्या घोंगडीच्या दोन लांब पट्ट्या काढल्या. "ह्या पोटरीला गुंडाळतो आतून. बापाची घोंगडी हाय."

बाकीचे हसले. मीही हसलो. म्हणालो, "मल्हारी, ही परदेशी पँट आहे. तुझ्या मेंढरांच्या लोकरीची तिला गरज नाही. आतला रबराचा घेर बुटावर बसला पाहिजे, पट्ट्या बांधल्यास तर तो बसणार नाही."

"तुमी म्हंता तर नाय बांधत," असं म्हणून त्यानं पट्ट्या पुन्हा पिशवीत ठेवल्या.

बारा पँटा मी एका पिंपात भिजवल्या. साबणाची निळी पूड सढळ हातानं टाकली, कारण माल फार कळकट होता. एकदा साध्या पाण्यातून पिळून काढल्या. दुसऱ्या पाण्यासाठी टाकीचं झाकण उघडलं तर तळाला हातभर पाणी होतं. टँकर परवा येणार होता, आणि माल उद्या द्यायचा होता. पँटांना अजून चार-पाच पाणी हवं होतं, पाय भरून तपासायला वेगळं. आणि त्या दिवशी स्लॅबवरची आळी कोरडी पडायला लागली होती.

पाणी नव्हतं असं मी लोकांना सांगत आलो. पाणी होतं. दोहोंपैकी एकालाच पुरेल एवढं होतं. ते मी जिन्यानं बादल्यांनी वर नेऊन स्लॅबवर ओतलं. मिस्त्री म्हणाला होता, आज सुकला तर आयुष्यभर गळेल. पँटा मी एका पाण्यातून काढून तारेवर टाकल्या. ऊन एवढं होतं की तासात वाळल्या. ठिगळं लावली, पट्ट्या गरम करून बसवल्या. पाय भरून पाहिले नाहीत. बारा पँटा दिसायला झकास झाल्या.

दोन आठवडेही झाले नसतील. शीतगृहात थंड हवा सोडणाऱ्या पंख्यांवर बर्फ साचतो, तो अधूनमधून वितळवावा लागतो. त्या दिवशी वितळलेलं पाणी पन्हळीत न जाता रॅकखाली सांडलं आणि तिथं गोठायला लागलं. बर्फ खरवडायला मल्हारीला पाठवलं. तो गुडघ्यांवर बसून खरवडत होता, वरून पाणी गळतच होतं. दाराशी गाडी भरायची घाई होती, म्हणून दर अर्ध्या तासानं बाहेर यायचं असतं तरी त्याला कुणी बाहेर बोलावलं नाही. पँट पाणी प्याली. ठिगळावरची पट्टी सुटली होती, तिथून पाणी आत गेलं, पोटरीवरून बुटात उतरलं आणि बुटात गोठलं. पाय बधिर झाला तेव्हा त्याला वाटलं, थंडीनं असंच होत असेल. डाव्या पायाची तीन बोटं काढावी लागली, अंगठ्यासकट.

महिन्याभरानं शीतगृहाच्या कचेरीत चौकशी झाली. टेबलामागं तिथले एक साहेब, बाजूला ठेकेदार, समोर कुबडीवर मल्हारी आणि त्याच्यामागं भिंतीला टेकून यमुना. मला जाणकार म्हणून बोलावलं होतं. प्रत्येकापुढं पाण्याचा ग्लास होता, वर बशी झाकलेली. पँट टेबलावर होती.

साहेब म्हणाले, "मास्तर, दोष कापडाचा आहे का?"

मी माझ्या ग्लासातलं पाणी दोन बोटांनी पँटच्या गुडघ्यावर शिंपडलं. थेंब गोळा झाले नाहीत, कापडात शिरले. मी पँट उलटी केली. शिवणीच्या कोपऱ्यात साबणाच्या पुडीची निळी रेघ धरली होती. माझीच पूड. मला त्या क्षणी सगळं कळलं. मी पँट पुन्हा सुलटी केली आणि म्हणालो, "ही साबणानं धुतलेली आहे. अशी पँट साबणानं धुऊन तसाच साबण ठेवला तर ती पाणी पिते, पट्टी सुटते. कापडाचा दोष नाही."

त्यात एक अक्षर खोटं नव्हतं.

"कुणी धुतली?" साहेबांनी मल्हारीकडं पाहिलं.

"म्या नाय धुतली सायेब."

ठेकेदार म्हणाला, "अरे बाबा, घरी नेत होतास ना रोज? मग?"

"नेत व्हतो. धुतली नाय."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी म्हणालो, "घरी साबण लावू नका, असं मी माप घेताना सगळ्यांना सांगितलं होतं." हे मात्र खोटं होतं.

तेव्हा भिंतीजवळून यमुना पुढं आली. डोक्यावरचा पदर सावरत ती साहेबांशी बोलली, पण बघत होती माझ्याकडं. "सायेब, धुवायला पाणी कुठं व्हतं? आमच्या वस्तीवर आठ दिसाला टँकर येतो. दोन हंडे भेटत्यात. पोरींची डोसकी धुतली नाईत म्हैनाभर. आन म्या ह्यांची इजार साबण लावून धुतली व्हय? कुठल्या पाण्यानं धुतली, ते तरी सांगा मला."

एवढा सरळ प्रश्न होता. साहेबांनी घड्याळ पाहिलं. म्हणाले, "बाई, मास्तरांना ह्यातलं कळतं." आणि कागदावर लिहिलं गेलं की कामगारानं सूचना न पाळता पँट धुतली आणि स्वतःच्या निष्काळजीपणानं इजा करून घेतली. खाली मी जाणकार म्हणून सही केली. मल्हारीनं अंगठा उठवायला नकार दिला. ठेकेदारानं त्याचा हात धरला तेव्हा तो म्हणाला, "बोटं तुमची न्हाईत, हात सोडा."

बाहेर आल्यावर ठेकेदार मला म्हणाला, "पँट जाळून टाका मास्तर, कटकट नको." मी ती घरी आणली. जाळली नाही.

आणखी एक सांगायचं राहिलं, आणि ते सगळ्यात वाईट आहे. दुसऱ्या दिवशी मी उरलेल्या अकरा पँटा 'ठिगळं घट्ट करून देतो' असं सांगून परत मागवल्या. त्या दिवशी टँकर आला होता. सहा-सहा पाण्यांतून काढल्या. पहिल्या तीन पाण्यांना फेस येत होता. पुन्हा पट्ट्या लावल्या, पाय भरून तासभर टांगल्या. त्या अकरा जणांतल्या कुणालाही काही झालं नाही. म्हणजे मला नक्की माहीत होतं. चूक दुरुस्त करता येते हेही माहीत होतं. फक्त बाराव्याची केली नाही.

रशीदभाई एकदा त्या पँटा तारेवर टांगलेल्या बघून गेले. जाताना म्हणाले, "अब धोए आप?" त्यानंतर त्यांनी माझ्याकडं गठ्ठा उतरवला नाही.

मल्हारीला पुढं दुसऱ्या कुठल्याही शीतगृहात घेतलं नाही. निष्काळजी माणूस म्हणून त्याचं नाव सगळीकडं गेलं होतं. पडेगावला एका बांधकामावर तो राखणदार झाला. इमारत पुरी झाली की पुढच्या इमारतीवर. मी कधी त्या रस्त्यानं दौलताबादकडं गेलो तर मान खाली घालून जायचो. त्यानंतरच्या वीस वर्षांत मी दुसऱ्यांच्या गठ्ठ्यांतल्या शेकडो पँटा दुरुस्त केल्या. एकही परत आली नाही. लोक म्हणायचे, मास्तरांचं काम म्हणजे काम.

हा लेख लिहायच्या आधी मी पडेगावला गेलो. तो पत्र्याच्या खोलीबाहेर खुर्ची टाकून बसला होता. मला त्यानं लगेच ओळखलं. यमुनानं पाणी दिलं. मी ते बाजूला ठेवलं. पिशवीतून पँट काढली आणि जे वर लिहिलं आहे ते सगळं सांगितलं, स्लॅबसकट.

यमुनानं पँट हातात घेतली, उलटी केली, शिवणीतली निळी रेघ बोटानं चाचपली. मग तिनं मी न प्यायलेला तांब्या पँटवर ओतला आणि दोन्ही हातांनी चोळलं. इतक्या वर्षांनी फेस आला. थोडासाच, पण पांढरा.

"बगा," ती नवऱ्याला म्हणाली. "म्या तवाच इचारलं व्हतं."

मी मल्हारीला म्हणालो, "मला जे म्हणायचं ते म्हण."

"म्हनून काय व्हतंय? सा मैने मला सपनात बी वाटायचं, आपुनच धुतली काय की. यमुनीनं धुतली आन भ्याली म्हनून सांगंना. एकदा तिला मारलं बी म्या ह्याच्यापायी." तो तिच्याकडं न बघता बोलला. ती आत निघून गेली.

हे मला माहीत नव्हतं. माझ्या हिशेबात तीन बोटं होती, हे नव्हतं.

मी सांगितलं की आता हे दिवाळी अंकात लिहिणार आहे, त्याचं नाव बदलून. तो खुर्चीत सरळ झाला. "बदलून? का म्हनून? त्या कागदावर माजं पुरं नाव व्हतं. बापाचं बी व्हतं. पुरंच लिवा. तिचं बी लिवा."

"अंक वाचणार कोण, मल्हारी? ते साहेब कुठं आहेत माहीत नाही. ठेकेदार वारला. शीतगृहाच्या जागी आता फ्लॅट आहेत."

आतून यमुनाचा आवाज आला. "कुणी वाचू नायतर नको. पोरींला दावता येईल."

हे मी माझ्या वरच्या मजल्यावर बसून लिहितो आहे. त्या स्लॅबला आजवर तडा गेलेला नाही. एकाही पावसाळ्यात तो गळला नाही.

त्या कागदात दुरुस्ती अशी करावी : मल्हारी धोंडिबा शिंगाडे यांनी ती पँट धुतली नव्हती. त्यांची पत्नी यमुना मल्हारी शिंगाडे यांनीही धुतली नव्हती. ती मी धुतली होती, आणि साबण काढला नव्हता. पाणी माझ्याकडं होतं.